जुळ्यांना यमक नको

घरात जुळी झाली की पहिल्या तासात पेढे येतात आणि दुसऱ्या तासात यमकं. एकाचं नाव ठरलं की दुसऱ्याचं ठरवावंच लागत नाही, ते पहिल्याच्या शेपटीला बांधलेलं असतं. अमित म्हटलं की सुमित आलाच. रियाच्या मागे सिया. मावश्या, आत्या आणि शेजारच्या काकू मिळून खाटेभोवती असं कविसंमेलन भरवतात की बाळंतिणीला वाटावं, आपल्याला मुलं झाली नसून चारोळी झाली आहे. यात भाषेचाही थोडा हात आहे म्हणा. 'यम' म्हणजे जुळं, आणि त्यावरूनच 'यमक' हा शब्द निघाला. पण यमक जुळ्यांवरून निघालं म्हणून जुळ्यांनी यमकात राहिलं पाहिजे, असा नियम कुठं आहे?

माझं मत स्पष्ट आहे (आणि ते अख्ख्या आखाडा बाळापुराला ठाऊक असल्यामुळे हल्ली मला बारशाला जरा उशिराचीच वेळ सांगतात). जोडनावं बैलांना शोभतात. ढवळ्या-पवळ्या, सर्जा-राजा. एका जुवाखाली चालायचं, एका गव्हाणीला खायचं, पोळ्याला एकसारखी झूल घ्यायची. त्यातला एक बैल उद्या पुण्याला इंजिनियरिंगला जाणार नसतो आणि दुसरा किराणा दुकान टाकणार नसतो. बैलाला चेकवर सही करावी लागत नाही. माणसाला लागते, आणि ती ताडून पाहायला मी बसलेला असतो.

एकदा काउंटरच्या आतल्या बाजूने जुळ्यांकडे पाहा. आडनाव एक, बापाचं नाव एक, पत्ता एक, जन्मतारीख एक. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारने आईचंही नाव घातलं आहे. फार चांगलं केलं; पण जुळ्यांपुरतं बोलायचं तर चारपैकी तीन नावं आधीच सारखी. उरलं ते पहिलं नाव. तेवढं एक आईबापांच्या हातात असतं, आणि तिथंच ते एका वेलांटीचा फरक ठेवून मोकळे होतात. फोटो पाहावा तर तोही तोच. कॉम्प्युटर बिचारा नाव, तारीख, पत्ता ताडतो आणि म्हणतो, हे गिऱ्हाईक आपल्याकडे आहेच, पुन्हा कशाला उघडता? कॉमर्सला आम्हाला डबल एंट्री शिकवली होती. डबल गिऱ्हाईक सिलॅबसमध्ये नव्हतं. अहो, अकोला जिल्ह्यातही एक बाळापूर आहे, पण आमच्या गावाआधी 'आखाडा' लावला की पाकीट बरोबर इकडं येतं. गावांना जे जमतं ते पोरांना का जमू नये? तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या जुळ्यांचेसुद्धा अंगठ्याचे ठसे वेगळे असतात. म्हणजे देवाने आठवणीने अंगठे वेगळे दिले, आणि बाराव्या दिवशी आत्याबाईंनी कानात 'कुर्र' करून ती सगळी मेहनत पाण्यात घातली.

आमच्या शाखेत दोन बहिणी यायच्या. नावं सांगत नाही, नियमात बसत नाही. फरक तेवढाच, वेलांटीचा. कुठल्याशा अर्जावर ती वेलांटी फिरली आणि धाकटीची (आठ मिनिटांनी धाकटी!) शिष्यवृत्ती थोरलीच्या खात्यात जाऊन बसली. वडील म्हणाले, "साहेब, राहू द्या कुनाच्याबी खात्यावर, घर तं एकच हाय." मी काही बोलायच्या आत मागून धाकटी म्हणाली, "घर एक हाय बाबा, पन होस्टेलची फी माझी हाय." लाईनीतली माणसं गप्प झाली. मग दुरुस्तीचा अर्ज लिहिता लिहिता ती मान वर न करताच म्हणाली, "सर, शाळेत आमाला दोघींत एकच बक्षीस द्यायचे. वाटून घ्या म्हनायचे."

'पण ही आपली परंपरा आहे!' असं म्हणणाऱ्यांनी परंपरा जरा उघडून पाहावी. माद्रीच्या जुळ्यांची नावं नकुल आणि सहदेव. यमक सापडलं तर मला कळवा. वाल्मीकींनी सीतेच्या मुलांची नावं दर्भाच्या दोन वेगळ्या भागांवरून ठेवली, वरच्यावरून कुश आणि खालच्यावरून लव. त्यात कुश थोरला. आपण म्हणतो काय? लव-कुश. जिभेला सोपं जातं म्हणून थोरल्याचा नंबर गेला! देवांचे वैद्य अश्विनीकुमार, त्यांची नावं नासत्य आणि दस्र. कुणाला ठाऊक आहेत? साक्षात देवांच्या डॉक्टरांना दोघांत मिळून एकच पाटी. उलट विठ्ठलपंतांच्या मुलांकडे पाहा. ती जुळी नव्हती, पण निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता, प्रत्येकाला आपापलं नाव मिळालं. यमकाची हौस असती तर ज्ञानदेवाला जन्मभर 'प्रवृत्ती' म्हणून राहावं लागलं असतं.

सिनेमावाल्यांचं सोडा. त्यांनी १९६७ साली 'राम और श्याम' काढला, १९७२ साली 'सीता और गीता'. गोंधळ तीन तास पुरला, धंदा झाला, पडदा पडला.

आमच्या मराठवाड्यात लव-कुशाचं झालं लहू-अंकुश. अंकुश भेटला की पुढचा प्रश्न ठरलेला, लहू काय करतो? दर महिन्याला पैसे काढायला येणाऱ्या अशाच एका अंकुशाला नव्या कॅशियरने मोठ्या आपुलकीने तेच विचारलं. म्हातारा नोटा मोजत होता. म्हणाला, "लहू सव्वा महिन्याचा असतानी गेला, साहेब. सत्तर वर्सं झाली, पन लोक इचारायचं सोडत न्हाईत." आणि पुन्हा पहिल्यापासून नोटा मोजायला लागला.

पंचांगवाले म्हणतील, अक्षरच एक निघतं, आम्ही काय करणार? खरं आहे. नक्षत्राचं एक चरण साधारण सहा तास चालतं आणि जुळी मिनिटांच्या अंतराने येतात. पण हेच पंचांग हस्ताच्या तिसऱ्या चरणाला 'ण' देतं आणि आर्द्रेच्या तिसऱ्याला 'ङ'. 'ङ'वरून एक नाव सापडेना, दोन कुठून आणणार? तिथं गुरुजीच म्हणतात, नावरस नाव पत्रिकेत राहू द्या, व्यवहाराचं तुमच्या मनाचं ठेवा. मग जे 'ङ'ला चालतं ते 'स'ला का चालू नये?

माझी चाचणी साधी आहे. दारात उभं राहून एक हाक मारायची. गल्लीच्या टोकाकडून एकच पोर यायला पाहिजे. आणि हाकेत नावाचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहेच. अमित आणि सुमित, दोघंही 'मित्या'!

गेल्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत जुळ्या मुली झाल्या. मी पेढा खाऊन हे सगळं त्यांच्या आजीला सविस्तर समजावून सांगितलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पटलं बगा सर तुमचं," त्या म्हणाल्या. "एकीचं नाव एकदम येगळंच ठिवू."

"आणि दुसरीचं?"

"दुसरीचं तिला जुळंल असं."