मोबाईल घ्यायला तुम्ही स्वतः जा



गेल्या पंधरवड्यात अकोल्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं. अक्षर सुबक, मजकूर मात्र चिडून लिहिलेला. "बाई, आमच्या घरात मोबाईल उतरंडीसारखा वरून खाली येतो. नवा आणला की पोराले, पोराचा जुना यांच्याकडे, आणि यांचा टाकून द्यायला झालेला मले. काच तडकलेली, बॅटरी दुपारच्या आत संपते. यंदा भिशी उचलली आहे, माझ्यासाठी नवाच घेईन म्हणते. तर हे म्हणतात, तुले काय समजते त्यातलं, मी आणून देतो. काय पाहून घेऊ ते तुम्हीच सांगा."

सांगते. पण त्याआधी एवढं करा, आणून देऊ देऊ नका. दुकानात तुम्ही स्वतः जा. वांगी घेताना आपण देठ पाहतो, साडी घेताना पदर उलटून पाहतो. मग रोज आठ-दहा तास हाताशी राहणारी वस्तू दुसऱ्याच्या डोळ्यांनी का निवडायची? मुलगा घ्यायला गेला तर तो खेळ कसे चालतात ते पाहील. यजमान गेले तर दुकानदार त्यांना कॅमेऱ्याचे आकडे ऐकवील. तुमच्या कामाचं कोण विचारणार?

घरून निघण्यापूर्वी आपलं काम कागदावर मांडा. शाळेचा ग्रुप, गॅस सिलिंडरचं बुकिंग, किराण्याचे पैसे चुकते करणं, बँकेचं ॲप, पुण्याच्या लेकीशी रोजचं तोंड पाहून बोलणं, देवीची आरती, पाककृतींचे व्हिडिओ. काही जणी टिफिनचे नाहीतर ब्लाऊजचे ऑर्डरही त्यावरच घेतात. या यादीत महागडा कॅमेरा कुठे दिसतो का बघा. बहुतेकींच्या यादीत तो नसतो.

कामाला न पुरणारा मोबाईल किती छळतो, ते आपल्या अंगणवाडी सेविकांना विचारा. २०१९ मध्ये त्यांना शासनाकडून मोबाईल मिळाले. रॅम २ जीबी. पुढे २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' हे ॲप आलं; बालकांची वजनं-उंची, आहाराची नोंद सगळी त्यात भरायची. मोबाईल तापायचे, मध्येच थांबायचे, दुरुस्तीचा खर्च अंगावर पडायचा, शिवाय ॲप मराठीत नाही ही तक्रार होतीच. शेवटी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाईल शासनाला परत केले. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नव्या मोबाईलची मागणी होती. पावलांनी गाव पालथं घालणाऱ्या या बाया कामाला कधी कमी पडल्या नाहीत, कमी पडला तो हातातला डबा.

आता हे रॅम म्हणजे काय? दुकानदार 'आठ बाय एकशे अठ्ठावीस' असं भराभरा बोलतो आणि आपण मान डोलावतो. सोपं आहे. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, आणि दुसरा मोठा आकडा, म्हणजे स्टोअरेज, ही कोठीची खोली. ओटा अरुंद असला की कणीक मळताना भाजीचं ताट खाली ठेवावं लागतं. तसंच बँकेचं ॲप उघडलं की व्हॉट्सॲप बंद पडतं. रॅम ६ जीबी असावी, परवडली तर ८. कोठी १२८ जीबीपेक्षा कमी घेऊ नका. 'व्हर्च्युअल रॅम' मिळवून सोळा होते, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. ती कोठीतलीच एक फळी ओढून ओट्याला लावलेली असते. तिच्यावर खऱ्या ओट्याइतकं भरभर काम होत नाही.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. मागे मी हजार-दीड हजार वाचवायला ३२ जीबीचा मोबाईल घेतला होता. वर्षभरात 'सुप्रभात'च्या फुलांनी आणि भजनांच्या व्हिडिओंनी तो गच्च भरला. भाचीच्या हळदीच्या वेळी फोटो काढायला गेले तर म्हणे, जागा नाही! तिकडे मुलीला हळद लागते आहे आणि इकडे मी कोपऱ्यात बसून फुलं पुसते आहे. तो फोटो राहिला तो राहिलाच.

आपल्या वऱ्हाडात आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे ऊन. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, अमरावतीही फार मागे नसते. आणि मोबाईल बनवणाऱ्यांनी तो वापरायला साधारण ३५ अंशांपर्यंतची हवा योग्य मानलेली असते. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं. तेव्हा बॅटरी ५,००० एमएएचच्या आसपास असू द्या, आणि दुकानाच्या दाराबाहेर उन्हात उभं राहून पडद्यावरची अक्षरं दिसतात का ते नक्की पाहा. घरी आणल्यावर स्कूटीच्या डिक्कीत, गॅसच्या शेगडीजवळ किंवा चार्जिंगला लावून उशीखाली ठेवू नका. तापलेला मोबाईल थंड व्हायला फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या एक काकू माझ्या ओळखीच्या आहेत. बाप्पा! आत दव धरतं, त्यापेक्षा कूलरच्या खोलीत बंद करून ठेवलेला बरा.

ओल्या हातांचा प्रश्न आपल्याला पुरुषांपेक्षा जास्त. खोक्यावर 'आयपी' या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा आकडा जितका मोठा तितकं पाण्यापासून संरक्षण अधिक. तरी पाणी जाऊन बिघडलं तर वॉरंटीत सहसा बसत नाही, हे ध्यानात असू द्या.

हातात धरून पाहा. एका हाताने पेलवतो का? अक्षर मोठं करायला सांगा, मराठी टंकून पाहा, बोलून लिहिता येतं का तेही. चष्मा विसरून गेलात तर उलट बरंच. खोक्यात चार्जर आहे का विचारा. हल्ली बरेचदा तो वेगळा विकत घ्यावा लागतो. कंपनीचं दुरुस्ती केंद्र आपल्या शहरात आहे, की दर वेळी नागपूरला पाठवावा लागेल? आणि सुरक्षेची अपडेट किती वर्षं मिळणार? ही वर्षं बहुधा ते मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षं जुनं मॉडेल स्वस्तात मिळतं, ते काही उगाच नाही. फाइव्ह-जीचं कौतुक ऐकून घ्या, पण आपल्या स्वयंपाकघरात कोणत्या सिमला रेंज येते ते आधी घरी पाहून जा. माहेर मेळघाटात असेल तर तिथलंही विचारून घ्या.

पैशांचं. 'बिनव्याजी हप्ता' ऐकायला गोड लागतो. विचारा, "रोख दिले तर किती?" समजा किंमत १५,००० आणि रोखीला १४,००० सांगितले, तर ते हजार म्हणजे व्याजच झालं. वर प्रोसेसिंग फी वेगळी. भिशीचे पैसे हातात असताना हप्ता कशाला लावून घ्यायचा?

"बिलाशिवाय घ्या ताई, जीएसटी वाचेल," असंही म्हणतील. मोबाईलवर एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे मोह होतो. पण बिल नसेल तर वॉरंटी मागायला तोंड राहत नाही. पक्कं बिल तुमच्या नावाचं घ्या आणि त्यावर मोबाईलचा १५ आकडी आयएमईआय नंबर लिहिलेला पाहा. फोनवर चांदणी, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की तोच नंबर दिसला पाहिजे, खोक्यावरही तोच. वापरलेला मोबाईल घेत असाल तर के, वाय, एम ही इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो नंबर असा संदेश १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं. उद्या आपला हरवला तरी पोलिसांत तक्रार करून 'संचार साथी'वर तो बंद करता येतो, तिथेही हाच नंबर लागतो. म्हणून बिल दागिन्यांच्या पावत्यांबरोबर ठेवा.

राहिलं सिम. ते कुणाच्या नावावर आहे? २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी करताना आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येत होता. नंबर मुलाचा दिलेला असला आणि मुलगा गावाला गेलेला असला, की आई त्याची वाट पाहत बसणार. नवा मोबाईल घेता आहात तर त्याच आठवड्यात सिम स्वतःच्या नावावर करून घ्या, आणि आधारला व बँकेला तोच नंबर द्या.

अकोल्याच्या भगिनींनी कोणता घेतला ते जरूर कळवावं. आणि उतरंडीतला जुना मोबाईल घरात पडून असेल तर त्यातली माहिती पूर्ण पुसून, आपलं खातं काढूनच तो दुसऱ्याला द्यावा. पुढच्या अंकात कूलरच्या वाळ्याच्या ताट्या कधी बदलायच्या, त्याविषयी.