घडीचे शहाणपण

कागदाच्या चौकोनाला कात्री न लावता केवळ घड्यांतून पक्षी वा फूल साकार करणारी ओरिगामी ही जपानी कला आपल्याकडे बहुधा मुलांच्या करमणुकीपुरतीच ओळखली जाते. हिरोशिमात १९३८ साली जन्मलेले वेशभूषाकार इस्से मियाके यांनी मात्र घडीलाच वस्त्ररचनेचा पाया केले. १९९३ साली त्यांची ‘प्लीट्स प्लीज’ ही चुणीदार वस्त्रांची मालिका आली. वस्त्र अंगापेक्षा अडीच-तीन पट मोठे शिवून मग उष्णतेने व दाबाने त्याला चुण्या पाडावयाच्या, अशी ती रीत. पुढे २०१० साली संगणकतज्ज्ञ जुन मितानी यांच्या भूमितीच्या आधारे ‘१३२ ५.’ ही मालिका सिद्ध झाली. तिच्यातील वस्त्र भुईवर सपाट आकृती असते आणि उचलताच पोशाख बनते. २०१७ साली लंडनमध्ये रायन यासिन या तरुण अभियंत्याने तर मुलाच्या वाढीबरोबर उलगडत जाणारे कपडे घडविले.

या प्रयोगांचे आम्ही स्वागत करतो. चार-सहा महिन्यांत आखूड होणारे झबले वर्षभर पुरले, तर तेवढाच सूत, पाणी व रंग यांचा व्यय वाचतो. परंतु ‘पर्यावरणस्नेही’ हे बिरुद पारखूनच मान्य केले पाहिजे. या चुण्या टिकतात, कारण पॉलिएस्टर उष्णतेने दिलेला आकार धरून ठेवते. साध्या सुती कापडाची चुणी धुताच विरते. आणि जुन्या बाटल्यांपासून बनविलेले असले, तरी पॉलिएस्टर धुताना त्याचे सूक्ष्म तंतू सुटतात व अखेर समुद्रास मिळतात. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तरी ही गोष्ट दृष्टीआड करू नये.

येथे आपल्या लुगड्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. मागावरून उतरलेले अखंड वस्त्र, त्यातील एक चिंधीही वाया जात नाही. घडी कायमची नसून रोज नव्याने घातली जाते. देह कृश होवो वा स्थूल, निऱ्या कमी-अधिक केल्या की काम भागते, आणि जीर्ण झाल्यावर त्याचीच गोधडी होते. तथापि ‘आमच्याकडे हे पूर्वीच होते’ असे म्हणून मिशांवर ताव देण्यात काय हशील? मियाके यांनी आपल्या परंपरेला प्रयोगशाळेत नेले. आपण आपली सणासुदीपुरती कपाटात ठेवली. वस्त्रकला शिकविणाऱ्या आपल्या संस्थांनी निरीकडे भूमिती म्हणून पाहावे आणि आजच्या धावपळीला साजेसे सुती वस्त्र त्यातून घडवावे. घडीचे खरे मोल तिच्या नावीन्यात नाही. ती कापड किती वाचविते आणि वस्त्र किती वर्षे अंगावर राहते, यातच आहे.