टाळूतील हाड आणि औषधांची यादी

दातांची ठेवण सुधारणे हा आता केवळ शाळकरी मुलांचा प्रांत राहिलेला नाही. खालची दाढ काढल्यावर तिच्या जागी काहीच बसवले नाही, तर समोरचा आधार गेल्यामुळे वरची दाढ हळूहळू खाली उतरते. काही वर्षांनी तेथे कृत्रिम दात बसवायचा म्हटले, की जागाच उरलेली नसते. अशा वेळी ऑर्थोडॉन्टिस्ट साठीतील रुग्णालाही सुचवतात, "टाळूत एक बारीक स्क्रू बसवू आणि त्याच्या आधाराने दाढ वर ओढून घेऊ." हे ऐकून घरची मंडळी हबकतात.

हबकण्याचे कारण नाही. हा स्क्रू साधारण दीड ते दोन मिलिमीटर जाडीचा असतो. नेहमीच्या इम्प्लांटप्रमाणे तो हाडाशी कायमचा एकजीव व्हावा, अशी अपेक्षा नसते. भिंतीतील खुंटीसारखा तो काही महिने हाडाच्या पकडीवर उभा राहतो आणि काम झाले की काढला जातो. खुंटी टिकते ती भिंतीच्या भरवशावर. म्हणून आधी हाड तपासावे लागते.

जीभ टाळूला लावून पाहा. पुढच्या दातांमागे आडव्या वळ्या लागतात. त्या वळ्यांच्या किंचित मागे, मध्यरेषेजवळ, टाळूचे हाड बहुधा पुरेसे जाड असते. तेथून मागे आणि बाजूंना सरकावे तसे ते पातळ होत जाते आणि त्याच्या वर लगेच नाकाची पोकळी असते. अगदी पुढे, मधल्या दातांच्या मागे, नसेचा मार्ग असतो. बाजूने रक्तवाहिनी जाते. शिवाय हाडावरील मांसल थर जाड असेल, तर स्क्रूची बरीचशी लांबी त्यातच खर्ची पडते. एरवीच्या सपाट एक्स-रेमध्ये ही जाडी नीट कळत नाही. शंका असल्यास सीबीसीटी हा त्रिमितीय स्कॅन काढतात. त्यात हाड मिलिमीटरमध्ये मोजता येते.

मात्र स्कॅन हाड किती आहे ते सांगतो. ते हाड स्वतःची झीज कशी भरून काढते, हे सांगत नाही. दात सरकतो तो हाड एका बाजूने विरघळून दुसऱ्या बाजूने नवे तयार होते म्हणून. ठिसूळ हाडांसाठी दिली जाणारी काही औषधे नेमकी ही विरघळण्याची क्रिया मंदावतात. आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेट, वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक ॲसिड, सहा महिन्यांनी घ्यायचे डेनोसुमॅब ही त्यांची नावे. त्यांच्यामुळे दात सावकाश सरकतो आणि क्वचित जबड्याची जखम भरत नाही, हाड उघडे पडते. २००३ पासून वैद्यकीय नियतकालिकांत याची नोंद होऊ लागली. हाडांच्या ठिसूळपणासाठी दिलेल्या मात्रेत हा धोका फार थोडा असतो. कर्करोगात दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेत तो बराच वाढतो.

अडचण अशी, की "औषधे कोणती?" या प्रश्नाला आजी-आजोबा रक्तदाब आणि मधुमेह एवढेच उत्तर देतात. वर्षातून एकदा घेतलेल्या सलाईनला कोणी औषध समजतच नाही! ॲलेंड्रोनेट बंद करून दोन वर्षे झाली असली, तरी ते सांगायला हवे; ते हाडात वर्षानुवर्षे मुरून राहते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, स्टेरॉइड, मागील तीन महिन्यांची साखर आणि मशेरी-तंबाखूची सवय, हेही सांगावे.

एक सावधगिरी मात्र घ्या. दातांच्या कामासाठी यांपैकी काहीही आपल्या मनाने बंद करू नये. डेनोसुमॅबची तारीख लांबली तर मणक्यांची हाडे मोडण्याचा धोका असतो. तो निर्णय दंतवैद्य आणि औषध लिहून देणारे डॉक्टर यांनी परस्परांशी बोलून घ्यावा. जाण्यापूर्वी घरच्यांनी जुनी फाइल उघडून इंजेक्शनचे नाव आणि शेवटची तारीख एका कागदावर उतरवून घ्यावी; खोका जपून ठेवला असेल, तर तोच पिशवीत टाकावा.