भरपाई मालकाला, खाडा मजुराला



देवळ्याच्या बैठकीत कर्जमुक्तीच्या ठरावाला सगळे हात वर झाले. चहाच्या वेळी आम्ही सालदाराच्या उचलीचा विषय काढला, तेव्हा मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. म्हणून मॉरिशसची ही हकिगत सांगतो.

मॉरिशस हे हिंदी महासागरातले बेट. आधी फ्रेंचांचे, १८१० पासून इंग्रजांचे. तिथले उसाचे मळे आफ्रिका आणि मादागास्करहून धरून आणलेल्या गुलामांनी राबवले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामी कायद्याने बंद झाली. साठ हजारांवर माणसे सुटली, पण ‘शिकाऊ’ म्हणून १८३९ पर्यंत जुन्याच मालकाकडे राबली. जन्मभर ऊस तोडलेला माणूस कसला शिकाऊ! भरपाई मिळाली ती मळेवाल्यांना. सगळ्या वसाहतींतल्या मालकांसाठी ब्रिटिश सरकारने दोन कोटी पौंड मंजूर केले, त्यातले वीस लाखांवर मॉरिशसला गेले. त्या कर्जाचे उरलेसुरले रोखे २०१५ साली फिटले. सुटलेल्याच्या हाती ना जमीन आली, ना दमडी.

मळ्यांना नवे हात हवे होते. ते आपल्याकडून गेले. नोव्हेंबर १८३४ मध्येच ‘अ‍ॅटलस’ जहाजातून छत्तीस जण कलकत्त्याहून पोर्ट लुईला उतरले. पुढे मुंबई बंदरातून रत्नागिरीकडची मराठी माणसेही गेली. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. ही गुलामी नव्हती हे खरे. मजुरी होती, मुदत होती. पण एक खाडा पडला की दोन दिवसांचे पैसे कापत.

ओळखीचे वाटते ना? आपल्याकडे आखाजीला सालदार ठरतो, उचल घेतो. वही मालकाच्या घरी. वर्षअखेर खाडे वाढलेले आणि उचल तशीच शिल्लक. उचल फिटेपर्यंत माणूस अडकवून ठेवणे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. आम्ही कृषी पदवी घेताना मजुरी ही उत्पादन खर्चाच्या तक्त्यातली एक ओळ म्हणून शिकलो. त्या ओळीत माणूस दिसत नव्हता.

‘कापसाला, ज्वारीला भाव नाही, आम्हीच सोसायटीचे थकबाकीदार, सालदाराला कुठून देऊ?’ हा प्रश्न खोटा नाही. भावासाठी तर आपण रस्त्यावर उतरतो. पण सक्तीच्या मजुराशिवाय साखर परवडत नाही, असे मॉरिशसचे मळेवालेही म्हणत होते.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे सालदार आहे त्यांनी वही घेऊन यावे, सालदारालाही आणावे. हिशेब त्याच्यासमोर वाचू आणि नक्कल त्याच्या हातात देऊ. आमच्या घरची वही आम्ही पहिली ठेवतो.