जोडणी मेली, हे मशीनला कधी कळते?

झरी जामणी किंवा मारेगाव तालुक्यातल्या एखाद्या गावात बँक मित्राकडे आधारवर पैसे काढायला बाई अंगठा लावते. स्क्रीनवर गोल फिरत राहतो. रेंजच्या दांड्या पूर्ण दिसतात, कारण टॉवर सुरू आहे. तुटली आहे ती टॉवरच्या पुढची फायबर, रस्त्याच्या कामात जेसीबीने उखडलेली. मशीन उत्तराची वाट पाहत बसते.

या वाट पाहण्याचे मूळ चाळीसहून अधिक वर्षे मागे आहे. सप्टेंबर १९८१ मध्ये टीसीपीचे, म्हणजे इंटरनेटवर दोन मशीनांमधली जोडणी सांभाळणाऱ्या पद्धतीचे, नियम ठरले. समोरच्याने जोडणी रीतसर बंद केली, तर इकडे वाचणाऱ्या प्रोग्रामच्या हाती शून्य येते आणि संवाद संपल्याचे कळते. पण लाईन गेली, तार तुटली, तर तसे कळवणारा कोणी उरतच नाही. आपण नुसते ऐकत असू, तर शांत जोडणी आणि मेलेली जोडणी अगदी सारखी दिसते.

रेल्वेने हाच प्रश्न शंभर वर्षे आधी उलट बाजूने सोडवला होता. विल्यम रॉबिन्सन यांच्या १८७२ च्या ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून प्रवाह सतत वाहतो. गाडी आली, रूळ तुटला किंवा बॅटरी संपली, तरी प्रवाह पलीकडच्या टोकाला पोचत नाही आणि सिग्नल लाल होतो. तिथे शांतता म्हणजेच धोका.

इंटरनेटने शांतता ठीक मानली. ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२२ या नियमपत्राने ‘कीप-अलाइव्ह’, म्हणजे जोडणी जिवंत आहे का, अशा विचारणेला मुभा दिली. पण ती मुळात बंद, आणि सुरू केली तरी, कोणी मुद्दाम बदलले नाही तर, किमान दोन तासांनी. कारणे खरी होती. काही मार्गांवर पॅकेटमागे पैसे पडत, आणि क्षणिक बिघाडात धडधाकट जोडणी तुटण्याची भीती होती. लिनक्समध्ये आजही, ती सुरू केल्यास, ७२०० सेकंद थांबून, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ विचारणा होतात. एकूण २ तास ११ मिनिटे १५ सेकंद. तोवर रोजी बुडवून आलेली बाई घरी गेलेली असते.

त्यामुळे दर वीस-तीस सेकंदांनी ‘हार्टबीट’ म्हणजे छोटी विचारणा पाठवणे, आणि उत्तर आले नाही तर जोडणी सोडणे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याचेच काम आहे. नुसते पाठवून भागत नाही. ‘सेंड’ यशस्वी झाले म्हणजे मजकूर आपल्याच मशीनच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, गेला, एवढेच.

खरी अडचण त्यापुढे आहे. जोडणी तुटल्याचे कळले, तरी शेवटची मागणी पोचली का, हे कळत नाही. पैसे खात्यातून गेलेले असू शकतात आणि उत्तर वाटेत हरवलेले. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने हे ओळखले आहे: आधार व्यवहारात रक्कम वजा झाली पण दुकानात खात्री आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत, पुढे रोज १०० रुपये भरपाई. पण फवारणीचे औषध आजच आणायचे असेल, तर पाच दिवस फार झाले.

म्हणून प्रत्येक मागणीला स्वतंत्र क्रमांक द्यावा, पुन्हा पाठवताना तोच ठेवावा, म्हणजे सर्व्हर दुसऱ्यांदा पैसे कापणार नाही. मागणी गेल्यावर आणि उत्तर येण्याआधी तार काढून चाचणी घेतल्याशिवाय असे सॉफ्टवेअर गावात पाठवू नये. आणि स्क्रीनवर ‘व्यवहार अयशस्वी’ असे खोटे लिहिण्याऐवजी स्वच्छ मराठीत यावे: निकाल अजून कळलेला नाही, पुन्हा अंगठा लावू नका, हा तुमचा व्यवहार क्रमांक.