मशीन बघायला जाताना सेटरला बरोबर घ्या

जानेवारी जवळ आला की शिरोली, गोकुळ शिरगाव, भोसरी, वाळूज, अंबड, सगळीकडच्या चहाच्या टपऱ्यांवर एकच विषय निघतो : यंदा इमटेक्सला कोण कोण चाललंय? मग चार मालक मिळून गाडी ठरवतात, कुणीतरी हॉटेलचं बघतो आणि निघायच्या आदल्या रात्रीपर्यंत शेडमध्ये डिस्पॅचची घाई चालू असते. तयारी म्हणाल तर व्हिजिटिंग कार्डांचं एक पुडकं खिशात पडलेलं असतं, बास. मीही बरीच वर्षं असाच गेलो. छोट्या वर्कशॉपवाल्याला हे प्रदर्शन पुष्कळ काही देऊ शकतं आणि तयारीवाचून गेलं तर चांगलं महागातही पडतं. दोन्ही अनुभव घेतलेत, म्हणून हे कळकळीचं सांगणं.

आधी कुठलं प्रदर्शन ते नीट बघा. मशीन टूल उत्पादकांच्या इमटमा या संघटनेनं १९६९ साली मुंबईत पहिलं इमटेक्स भरवलं. नंतर ते दिल्लीला भरत असे. २००७ पासून ते बंगळूरजवळ तुमकुर रस्त्यावरच्या प्रदर्शन केंद्रात भरतं. पण तिथं एका वर्षी मेटल कटिंग असतं, दुसऱ्या वर्षी फॉर्मिंग. २०२३ आणि २०२५ साली कटिंग होतं, मधल्या २०२४ साली फॉर्मिंग. लेथ, व्हीएमसी, ग्राइंडिंग बघायचं असेल तर कटिंगचं वर्ष धरा. प्रेस, बेंडिंग, लेझरनं पत्रा कापणं यांत तुमचा धंदा असेल तर फॉर्मिंगचं. वर्ष न बघता तिकिटं काढणारे लोक मला दर खेपेला भेटतात.

आता मुद्द्याचं. प्रदर्शनाची तयारी बंगळूरच्या नकाशापासून सुरू करू नका, आपल्या शेडच्या दारापासून करा. गेल्या सहा महिन्यांत कुठल्या जॉबनं तुम्हाला सगळ्यात जास्त रडवलं? कुठला जॉब रिजेक्ट होऊन परत आला, कुठल्या जॉबसाठी रविवारी माणसं बोलवावी लागली? असा एकच जॉब निवडा. फार तर दोन. स्टॉपवॉच घेऊन मशीनपाशी उभे राहा आणि जॉब चकमध्ये लावल्यापासून काढेपर्यंतचा वेळ मोजा. त्यात प्रत्यक्ष कटिंग किती, टूल बदलण्यात किती, जॉब लावण्या-काढण्यात किती, गेज लावून बघण्यात किती, हे वेगवेगळं लिहा. एका इन्सर्टच्या एका कडेवर किती नग निघतात तेही लिहा. बऱ्याच जणांच्या लक्षात येईल की खोळंबा कटिंगमध्ये नाहीच, लावण्या-काढण्यात आहे. मग तुम्हाला कदाचित नवं मशीन नकोच असेल, हायड्रॉलिक फिक्श्चर किंवा बरा चक पुरेल. हे घरी कळलं तर काही लाख वाचतात. तिथल्या झगमगाटात ते कळत नाही.

तोच जॉब बरोबर न्या. कच्चं कास्टिंग एक आणि फिनिश नग एक, दोन्ही कापडात गुंडाळून. लेटरहेडवर दोन ओळी लिहून ठेवा की हा नमुना आहे, विक्रीसाठी नाही. गेटवर विचारणा झाली तर दाखवायला बरं पडतं. ड्रॉइंगही न्या, पण ग्राहकाचं ड्रॉइंग ही त्याची मालमत्ता असते, त्याच्याशी गुप्ततेचा करारही बऱ्याचदा केलेला असतो. तेव्हा नाव आणि पार्ट नंबर नसलेलं, फक्त महत्त्वाची मापं आणि टॉलरन्स दाखवणारं साधं रेखाटन स्वतः करून घ्या. स्टॉलवर जॉब टेबलावर ठेवला की बोलणंच बदलतं. तोपर्यंत ते तुम्हाला माहितीपत्रक वाचून दाखवत असतात, त्यानंतर ते तुमच्या जॉबकडे बघायला लागतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : सेटरला बरोबर न्या. हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसलो.

काही वर्षांपूर्वी मी एकटा गेलो होतो. एक टर्निंग सेंटर आवडलं, किंमत प्रदर्शनापुरती कमी केलीय असं सांगितलं गेलं, संध्याकाळी टोकन देऊन मोकळा झालो. मशीन चांगलं होतं, विकणाऱ्याचा काही दोष नव्हता. पण ते शिरोलीत आलं तेव्हा शेडच्या शटरची उंची कमी पडली. क्रेन तासावर उभी, ट्रक रस्त्यावर, आणि आम्ही शटरवरचा लिंटेल फोडतोय. आत घेतल्यावर कळलं की विजेचा मंजूर लोड पुरत नाही. महावितरणकडून लोड वाढवून मिळेपर्यंत मशीन ताडपत्रीखाली होतं आणि बँकेचा हप्ता मात्र सुरू झाला होता. त्या दिवसांत शेडमध्ये शिरताना त्या ताडपत्रीकडे बघवत नसे.

पुढच्या खेपेला आमच्या मामांना घेऊन गेलो. मामा म्हणजे आमचे जुने सेटर. हातानं चालवायच्या लेथपासून सुरुवात करून सीएनसीवर आलेले. एका स्टॉलवर डेमो चालू होता. इंजिनिअर मला स्क्रीनवर काहीबाही दाखवत होता आणि मी मान हलवत होतो. मामा तिथून निघून मशीनच्या मागच्या बाजूला गेले. परत आले आणि म्हणाले, "मालक, चिपा मागनं पडत्यात. आपल्याकडं मागं भिंत हाय."

मग त्यांनी मशीन थांबवून दार उघडायला सांगितलं. आत वाकून कोपरापर्यंत हात घातला आणि चकच्या जॉचे बोल्ट गाठता येतात का ते बघितलं. "दिवसातनं चारदा जॉ बदलायचं. इतकं वाकून कंबर राहील का माणसाची?" तोपर्यंत माझ्याशी बोलणारा तो इंजिनिअर त्यानंतर त्यांच्याशीच बोलत राहिला. चिप कन्व्हेअर बाजूनं काढायची सोय त्याच मॉडेलला होती. ती तिथल्या तिथं कोटेशनमध्ये लिहून घेतली. मागून करायची म्हटली असती तर भिंत पाडावी लागली असती. मी पाच-सहा वेळा त्या प्रदर्शनाला गेलो होतो, पण एकदाही कुठल्या मशीनच्या मागे जाऊन बघितलं नव्हतं.

मालकाची नजर किमतीवर आणि वेगावर असते. त्याच मशीनपुढं रोज आठ तास उभा राहणारा माणूस दार किती जड आहे, कूलंटची टाकी साफ करायला बाहेर ओढता येते का, टरेटवर टूल लावताना हात कुठं अडकतो, हे बघतो. पुढं पाच-सात वर्षं मशीन त्यालाच चालवायचंय. त्याला विचारून घेतलेलं मशीन तो आपलं समजून सांभाळतो, हेही मी बघितलंय.

निघण्याआधी आठ-दहा दिवस दोघं मिळून बसा. प्रदर्शकांची यादी आणि हॉलची आखणी आधी मिळते, ती समोर घ्या. सगळं बघायचं म्हटलं तर काहीच बघून होत नाही. सहा-सात स्टॉल निश्चित करा, त्यांना आधी मेल टाकून वेळ मागा, जॉबची मापं कळवा. सवड मिळाली तर ते सायकल टाइमचा अभ्यास तयार ठेवतात. शेडची मापंही एका कागदावर घ्या : शटरची रुंदी-उंची, मशीनसाठी मोकळी जागा, मंजूर लोड, कॉम्प्रेसरची क्षमता, जमिनीवरचं काँक्रीट किती जाड आहे.

स्टॉलवर काय विचारायचं, तेही लिहून न्या. डेमोत मशीन भराभर कापतं तेव्हा पहिला प्रश्न हा की मटेरियल कोणतं? ॲल्युमिनियम किंवा मऊ स्टीलवरचा वेग तुमच्या एसजी आयर्नच्या कास्टिंगला लागू नाही, कारण आपल्या कास्टिंगवर खपली असते, मध्येच कडक जागा लागते. माहितीपत्रकात स्पिंडल मोटरची ताकद बऱ्याचदा दोन आकड्यांत छापलेली असते, समजा ११/१५ किलोवॅट. त्यातला मोठा आकडा थोड्या वेळापुरता असतो, साधारण अर्ध्या तासाचा. दिवसभर खोल कट घ्यायचा तर लहान आकडा आपला. अचूकतेचे आकडेही नुसते शेजारी ठेवून जुळवू नका. एकानं आयएसओ २३०-२ प्रमाणे मोजलेलं असतं, दुसऱ्यानं जपानच्या जेआयएसप्रमाणे, आणि मोजायची रीत वेगळी म्हणून दुसऱ्याचा आकडा लहान दिसू शकतो. कुठल्या मानकाप्रमाणे, एवढं विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

त्यानंतर सर्व्हिस. तुमच्या गावाजवळ सर्व्हिस इंजिनिअर कुठं राहतो? मशीन बंद पडलं तर किती तासांत येतो? तुमच्या भागात हेच मॉडेल कुणाकडे चालू आहे? दोन-तीन नावं मागा, आणि टोकनचा विचार करण्याआधी त्यांच्या शेडमध्ये जाऊन या. प्रदर्शनातलं मशीन नवंकोरं असतं, तीन वर्षं चाललेलं मशीन खरं काय ते सांगतं.

पैशाचं गणित आधीच कागदावर करा. समजा, २० लाखांचं कर्ज, ५ वर्षं, १० टक्के व्याज. हप्ता साधारण ४२,५०० रुपये येतो. महिन्याचे २५ दिवस, दोन शिफ्ट, आणि त्यातला पाऊण वेळ मशीन खरोखर चाललं, तर ३०० तास मिळतात. म्हणजे तासाला जवळजवळ १४२ रुपये नुसत्या हप्त्याचे. वीज, टूल, माणूस, जागा, सगळं त्याच्यावर. दुसऱ्या शिफ्टला काम मिळालं नाही तर तोच आकडा २८३ वर जातो. तुमच्याकडे दोन शिफ्टचं काम नक्की आहे का, हे बंगळूरला जाऊन कुणी सांगणार नाही. ते ग्राहकाला आधी विचारून घ्या. आणि कोटेशन मागताना वाहतूक, क्रेन, स्टॅबिलायझर, चक, पहिलं टूलिंग, जीएसटी, हे सगळं वेगवेगळं लिहून मागा, नाहीतर दोन कोटेशनं जुळवताच येत नाहीत. तिथं टोकन देऊ नका. ऑफर किती तारखेपर्यंत आहे ते लेखी घ्या आणि घरी येऊन ठरवा. सवलत चांगली असेल तर आठ दिवसांनीही ती मिळते, असा माझा अनुभव आहे.

जायचं कसं, तेही सोपं झालंय. कोल्हापूर-बेळगाव-हुबळीकडून महामार्गानं गेलात तर प्रदर्शन केंद्र बंगळूर शहराच्या आधीच लागतं. तेव्हा शहरातल्या गर्दीत शिरून हॉटेल घेण्यापेक्षा तुमकुर रस्त्याच्या बाजूला राहा. रेल्वेनं मिरजेहून राणी चन्नम्मानं जाणाऱ्यांनी यशवंतपूरला उतरावं. नोव्हेंबर २०२४ पासून मेट्रोची ग्रीन लाइन मादावरपर्यंत, म्हणजे केंद्राच्या दारापर्यंत धावते. याच लाइनवर पीन्याची मोठी औद्योगिक वसाहत आहे. एक दिवस हाताशी ठेवलात तर तिथं एखाद्या चालू शेडमध्ये मशीन कामावर बघून येता येईल, फक्त आधी फोन करून ठेवा.

बूट रोजच्या वापरातले घाला, नवे नकोत. नोंदणी घरूनच करून जा. एक जाड वही घ्या. प्रत्येक स्टॉलला एक पान, त्यावर कार्ड स्टेपल करा आणि तिथून निघायच्या आधी उभ्या उभ्या चार ओळी लिहा. फोटो काढायचे तर विचारून काढा, आणि आधी स्टॉलच्या पाटीचा काढा, मग मशीनचा. नाहीतर घरी आल्यावर दोनशे फोटोंत कुठलं मशीन कुणाचं ते कळत नाही. रात्री जेवायच्या आधी वही उघडून सेटरबरोबर अर्धा तास बसा. त्यांना आधी बोलू द्या. मालक आधी बोलला की माणूस हो ला हो म्हणतो.

परत आल्यावर आठवड्याच्या आत सगळ्यांना कळवा. ज्यांचं घ्यायचं नाही त्यांनाही सरळ नाही म्हणून लिहा. त्यांनी तुमच्या जॉबवर वेळ घातलेला असतो आणि हे जग लहान आहे.

खर्चाचं म्हणाल, तर एका माणसाचं जाणं-येणं, राहणं आणि तीन दिवसांचं काम, एवढाच प्रश्न आहे. माझा फुटलेला लिंटेल त्याहून महाग पडला होता. म्हणून यंदा तिकिटं काढताना सेटरचंही काढा, आपल्याच डब्यात, आपल्या शेजारचं. आणि ते तीन दिवस त्यांच्या हजेरीत धरा.