पेन्शनीनंतर नवापूर

मुंबईतली सरकारी नोकरी संपवून नवापूरच्या डोंगरपट्ट्यात राहायला येणाऱ्या जोडप्याला पहिली गंमत स्टेशनवरच दिसते. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत! बाजारात मावची, कोकणी, गुजराती कानावर पडते. बायका चार शब्द लवकर उचलतात. तूरडाळ निवडता निवडता ओळखी होतात. (इथल्या डाळीला भौगोलिक मानांकन आहे बरे!)

पण बंधूंनो, कागदपत्रे आधी. नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला. घराच्या जुन्या कागदांवर धुळे असेल, तर नव्या पत्त्यात नंदुरबारच लिहा. पेन्शनचे खाते इथल्या बँकेत दोघांच्या नावे आणा. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला देताना पत्नीला सोबत न्या, बँकेतल्या माणसांशी तिची ओळख होऊ द्या. उद्या ती एकटी राहिली, तर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तिला मुंबईच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागू नयेत.